तिकिटावरचा मोबाइल नंबर

हिंगोलीत विमानतळ नाही. डोक्यावरून विमान गेलं तर अजूनही लेकरं हातातलं सोडून वर बघतात. अशा गावात बसून मी गेली कितीतरी वर्षं विमान कंपन्यांशी भांडते. पोट त्यावर नाही, पोट तिकिटं काढण्यावर आहे. पण गावात माझी ओळख भांडणाचीच. भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी हटकून विचारतंच, "वैनी, इमान लेट झालं तर पैशे भेटतात म्हणं?"

भेटतात. पण नुसतं लेट झालं म्हणून भेटत नाहीत, आणि मागितल्याशिवाय तर मुळीच नाही. एवढं लोकांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पांढरे झाले.

सुरुवात एसटीडी बूथपासून. बसस्टँडसमोर पिवळी पाटी, काचेची खोली आणि आत ओरडून बोलणारी माणसं. काच असून उपयोग नव्हता, अख्ख्या रस्त्याला कळायचं कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय ते. मोबाइल आले आणि बूथ बसला. मग मी रेल्वेची तिकिटं काढू लागले, मग ट्रॅव्हल्सची, आणि एक दिवस कुणीतरी विचारलं, विमानाचं निघतं का? मी म्हटलं, निघतं की. तोवर एकही काढलेलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मला सवय नाही. मी स्वतः आजपर्यंत विमानात बसलेली नाही, हेही इथंच सांगून टाकते. गरज पडली नाही. भांडायला जमिनीवरूनच बरं पडतं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आमच्या धंद्यातला कायदा थोडक्यात सांगते. विमानाला उशीर झाला तर कंपनीनं चहापाणी, जेवण द्यायचं. उशीर फारच लांबला तर दुसरं विमान द्यायचं, नाहीतर सगळे पैसे परत. विमान रद्द केलं आणि प्रवाशाला वेळेत कळवलं नाही तर वरून भरपाई. तिकीट असून, वेळेत पोचून, जागा भरल्या म्हणून तुम्हाला खालीच ठेवलं, तर भरपाई अजून जास्त. धुकं, वादळ, संप असलं काही आलं तर मात्र काही नाही. आता गंमत बघा, कंपनीला विचाराल तर त्यांच्या सगळ्या अडचणी आभाळातूनच येतात. हैदराबादला टळटळीत ऊन पडलेलं असताना मला "खराब हवामान" असं उत्तर आलेलं आहे. मी त्या दिवशीच्या पेपरातलं हवामानाचं कात्रण जोडून तेच पत्र त्यांना परत धाडलं. तीन आठवड्यांत चेक आला.

माझी पद्धत साधी आहे. प्रवासी निघायच्या आधीच मी बजावून ठेवते: काही बिघडलं की आधी तिथल्या बोर्डाचा फोटो काढायचा, मग काउंटरवरच्या पोराकडून कारण लेखी घ्यायचं. देत नाही म्हणाला तर तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही. मागं रांग साचली की बरोबर देतो. बोर्डिंग पास घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचा. मग कंपनीला माझं पत्र जातं, त्यांनी कानाडोळा केला तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार, आणि तरीही नाही हलले तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपनी जिथली तिथं जावं लागायचं. आता तक्रारदार राहतो तिथंच दावा लावता येतो. म्हणजे काचेच्या इमारतीतल्या कंपनीचा वकील हिंगोलीला येतो, बूट झटकत आयोगाच्या पायऱ्या चढतो आणि बाहेर आल्यावर मलाच विचारतो, "मॅडम, इधर खाना अच्छा कहाँ मिलेगा?" मी खानावळीचा पत्ता देते. भांडण आत, जेवण बाहेर.

कनेरगाव नाक्याचे गजूभाऊ ढाबेवाले म्हणजे माझं पहिलं मोठं प्रकरण. चाळिशीतला माणूस, पहिल्यांदाच विमानात बसणार, ते पण नागपूरहून गोव्याला. आमच्याकडची रीत अशी, की माणूस पहिल्यांदा विमानानं निघाला की त्याला पोचवायला गाव जातं. गजूभाऊंना पोचवायला दोन जीपा भरून माणसं नागपूरला गेली. दारात हार घातले, पेढे वाटले, आत्यानं ताट आणलं होतं, तिनं तिथल्या तिथं ओवाळलं. दारावरचा जवान म्हणाला, "माताजी, दिया अंदर नहीं जाएगा." आत्या म्हणाली, "दिवा न्हाई जात रे बाबा, पोरगं जातंय."

पोरगं आत गेलं आणि अडीच तासांनी बाहेर आलं. कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली होती. गजूभाऊंना खाली ठेवलं आणि कागदावर लिहिलं काय, तर प्रवासी काउंटरवर उशिरा आला! बिचारा हार गळ्यातच घेऊन माझ्याकडं आला. "वैनी, नाक्यावर तोंड कसं दाखवू? समदे म्हणतेत, गजा झोपून राहिला असंल." मी विचारलं, ओवाळताना कुणी व्हिडिओ काढला का? म्हणाला, एकानं नाही, अकरा जणांनी काढला आणि लगेच स्टेटसला पण टाकला. मी ते अकराही व्हिडिओ बघितले. आत्याच्या ताटामागं विमानतळाचा बोर्ड होता आणि बोर्डावर घड्याळ होतं. विमान सुटायला पावणेतीन तास बाकी होते. कंपनीच्या वकिलानं आयोगात तो व्हिडिओ बघितला आणि मान खाली घालून हसला. भरपाई पूर्ण आली. गजूभाऊ पुढच्या वेळी रेल्वेनं गेले.

सगळ्यांचंच घेते असं नाही. इथल्याच कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. विमान सात तास उशिरा, त्यामुळं मेहुणीचं लग्न चुकलं, मानसिक त्रासाचे दोन लाख मागायचे म्हणाले. मी अर्ज लिहायला घेतला, तर त्यांच्या बायकोचा फोन आला. "वैनी, त्यायला कसला त्रास झाला विचारा जरा. लग्नाला यायचंच नव्हतं त्यायला. विमान लेट झालं तवा घरी फोन करून हसून राहिले होते." मी प्राध्यापकांना चहा पाजला आणि कागद परत दिला.

आता वर्षा नावाच्या पोरीचं सांगते. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते तिच्याचसाठी.

हट्टा गावचे उत्तमराव माझे जुने गिऱ्हाईक. शेती बरी, माणूस बोलायला मोकळा. वर्षा त्यांची लेक. नर्सिंग केलं, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात चार वर्षं काम केलं, ड्युट्या करून अभ्यास केला आणि केंद्र सरकारच्या परीक्षेतून आसामातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिची निवड झाली. कायमची नोकरी. हट्ट्यात पेढे वाटून झाले. रुजू व्हायची शेवटची तारीख होती शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. तोवर हजर झाली नाही तर निवड रद्द, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. एकदा मुदत वाढवून घेतलेली होती, कारण खाजगी दवाखान्यानं तिची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली होती. दुसऱ्यांदा वाढ मिळणार नाही, हेही लिहिलेलं.

मी गुरुवारी दुपारी दोनचं हैदराबाद–गुवाहाटी तिकीट काढून दिलं. उत्तमराव म्हणाले, "वैनी, लेकरू पयल्यांदाच इतक्या लांब जाऊन राहिलं. बराबर पोचल ना?"

"उत्तमराव, तिकीट मी काढलंय," मी म्हटलं. असं बोलायची मला भारी हौस.

गुरुवारी बाराच्या सुमाराला वर्षाचा हैदराबादच्या विमानतळावरून फोन. रडत नव्हती, पण आवाज हलत होता. "काकू, विमान रद्द झालंय. काउंटरवाला म्हणतोय कालच मेसेज पाठवला होता. मला तर काहीच आलं नाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला स्फुरण चढलं. कंपनी खोटं बोलते आणि आपण ती पकडतो, हे माझं रोजचं सुख. मी म्हटलं, "थापा मारतात मेले. तू हलू नको तिथून. लेखी घे. मेसेज किती वाजता पाठवला आणि कोणत्या नंबरला पाठवला, दोन्ही लिहून घे. त्याला म्हणावं, नंबर दाखव!" पोरगी पोचवायला आलेल्या बापाला घेऊन तासभर काउंटरला उभी राहिली आणि कागद मिळवला. इकडं मी दुसरं विमान शोधत होते. शुक्रवारी पाचच्या आत पोचवणारं एकही मिळेना, सगळी भरलेली. एक होतं, ते शुक्रवारी रात्री पोचणारं. दवाखान्यात फोन लावला तर कुणीतरी म्हणालं, ईमेल करा. ईमेल केला. शुक्रवार संपला.

शनिवारी बापलेक दुकानात आले. वर्षानं कागद माझ्यासमोर ठेवला. इंग्रजीत लिहिलेलं, की विमान रद्द झाल्याची सूचना बुधवारी सकाळी अकरा वाजता प्रवाशाच्या नोंदणीकृत मोबाइलवर दिली, आणि पुढं नंबर, आधीचे आकडे झाकून शेवटचे चार तेवढे दिसणारे.

"बघा काकू," वर्षा म्हणाली, "हा नंबर माझा नाहीच. भलत्यालाच मेसेज गेलाय."

उत्तमरावांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रक्त आलं होतं. "आता कुटं जातेत? कुनाला भी मेसेज धाडते अन् आमच्या लेकराची नोकरी घालवते. वैनी, सोडू नका ह्यायला."

ते चार आकडे माझे होते.

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्यातला कुठलाच एजंट गिऱ्हाइकाला सांगत नाही. तिकीट काढताना प्रवाशाचा नंबर टाकायचा असतो. आम्ही आमचा टाकतो. विचारलं तर सांगतो, लोकांची सिमं बदलतात, इंग्रजी मेसेज कळत नाहीत, सगळं एका जागी राहिलेलं बरं. त्यात थोडं खरंही आहे. पण मूळ कारण वेगळं. कंपनीच्या मेसेजमध्ये खरा भाव असतो. तो गिऱ्हाइकाला गेला तर आपण वर किती ठेवले ते कळतं, आणि पुढच्या वेळी ते पोराला सांगून मोबाइलवरच तिकीट काढतं. म्हणून सगळे आपलाच नंबर टाकतात. मीही टाकत होते. आणि नियमात हेही आहे, की प्रवाशाच्या संपर्काचा नंबर नीट दिलेला नसेल तर भरपाई मागता येत नाही. मला तो नियम पाठ होता. तरीही.

मी त्यांना म्हटलं, "सोमवारी या. कागद बघून ठेवते." ते विश्वासानं गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या रस्ता ओलांडेपर्यंत मला फोन हातात घ्यायचं धाडस झालं नाही.

मग बघितला. न वाचलेले चारशेच्या वर मेसेज. कंपन्या रोज पाठवतात, तुमचं विमान पाच मिनिटं आधी, दहा मिनिटं नंतर, शिवाय सवलती, शिवाय शुभेच्छा. वाचायचे मी केव्हाच सोडून दिले होते. त्या ढिगात तो होता. बुधवार, सकाळी अकरा. विमान रद्द, खालच्या दुव्यावर जाऊन दुसरं विमान निवडा, पैसे लागणार नाहीत. गुरुवारी पहाटेचं होतं, गुरुवारीच दुपारी कोलकात्यावरून जाणारं होतं. एक बोट लावलं असतं तर पोरगी वेळेत पोचली असती. बुधवारी अकराला वर्षा हट्ट्यात घरीच होती. आणि मी काय करत होते, ते वहीत बघून काढलं. मी दुसऱ्या एका कंपनीला कडक पत्र लिहीत होते, की आपण प्रवाशांना वेळेत कळवत नाही.

कंपनी खरं बोलली होती. इतक्या वर्षांत एवढा राग मला कंपनी खोटं बोलल्यावर आला नव्हता.

मनात काय काय आलं, ते लपवत नाही. पोरीला काही कळलेलं नव्हतं. "चुकीच्या नंबरला मेसेज पाठवला" अशी तक्रार ठोकून द्यायची, कंपनी दीड-दोन महिन्यांनी उत्तर देणार, तोवर बघू. रविवारी जेवताना हे सगळं मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे तहसिलात अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून घरात फाईल चालवल्यासारखंच बोलतात.

"तुला जिंकायचंय का पोरीला नोकरी द्यायचीय?" ह्यांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"मग ऐक. दोन महिन्यांनी त्या जागेवर वेटिंग लिस्टमधली दुसरी पोरगी बसलेली असंल. तिकडं एका कारकुनाच्या टेबलावर हिची फाईल आहे. त्याला एवढंच कळायला पाहिजे, की पोरगी काहून आली नाही आणि ते तिच्या हातात होतं का. ज्याची चूक त्यानं नाव-गाव लिहून सही केली, तर त्याला वर टिपणी पाठवता येते. बिननावाची चूक फाईलमध्ये पुढं सरकत नाही."

"म्हणजे मी प्रतिज्ञापत्र करून देऊ?"

"तेवढ्यानं भागणार नाही. ते म्हणतील, ओळखीच्या बाईकडून कागद करून आणला. पोरीनं तुझ्यावर काय कारवाई केली, ते विचारतील. तुझ्याविरुद्ध तक्रार पाहिजे. आयोगाच्या शिक्क्याची." एवढं बोलून ह्यांनी वरण वाढून घेतलं.

सोमवारी बापलेक आले. मी दुकानात त्या वेळी कुणाला बसू दिलं नव्हतं. आडवळण न घेता सांगितलं, की नंबर माझा आहे, मेसेज मला आला, मी वाचला नाही.

वर्षाला आधी कळलंच नाही. "पण माझा नंबर मी तुम्हाला लिहून दिला होता, काकू. चिठ्ठीवर."

"दिला होतास. मी टाकला नाही."

"का?"

सांगितलं. भाव कळू नये म्हणून, सगळे असंच करतात, सगळं सांगितलं.

"किती ठेवले होते तुम्ही?"

"चारशे."

"चारशे रुपयांसाठी, काकू?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे. उत्तमराव उठले, डोक्यावर टोपी ठेवली. "चल वर्षे. आपुन घरचं मानूस समजून आलो हितं."

मी दारात जाऊन उभी राहिले. "उत्तमराव, शिव्या द्यायच्या तर मागाहून द्या, मी ऐकून घेईन. पण नोकरी वाचवायची असेल तर दहा मिनिटं बसा." आणि ह्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वर्षा बसली. बापाकडं न बघताच म्हणाली, "बाबा, बसा."

मी तिच्यापुढं कोरे कागद ठेवले, पेन दिलं. तक्रार तिच्या हस्ताक्षरात असलेली बरी. तिनं वर "प्रति" लिहिलं आणि थांबली. तिला कुठं ठाऊक तक्रार कशी लिहितात ते. हिंगोलीत ती लिहिणारी बाई एकच, आणि तीच समोर विरुद्ध पक्ष म्हणून बसलेली. तेव्हा मीच सांगत गेले. विरुद्ध पक्ष म्हणून माझं नाव, दुकानाचा पत्ता. तिकीट कधी काढलं, चिठ्ठीवर नंबर दिला होता, तो न वापरता विरुद्ध पक्षानं स्वतःचा वापरला, तक्रारदारास त्याची कल्पना दिली नाही. वर्षाचं पेन चालत होतं. उत्तमराव खिडकीकडं बघत होते.

"पुढं लिही," मी म्हटलं, "विरुद्ध पक्षाने सदर सूचना वाचण्यात अक्षम्य निष्काळजीपणा केला."

तिनं लिहिलं. मी वाकून बघितलं. तिनं लिहिलं होतं, "विरुद्ध पक्षाकडून चूक झाली."

"खोड ते. निष्काळजीपणा लिही."

"चूकच झाली ना काकू. मुद्दाम थोडीच केलं तुम्ही."

"अगं, चूक लिहिलंस तर तिकडचा साहेब म्हणेल, चुका होतच असतात, आणि फाईल बंद करील. निष्काळजीपणाला जबाबदार माणूस लागतो. लिही निमूटपणे. आणि पुढं लिही, त्यामागं विरुद्ध पक्षाचा आर्थिक स्वार्थ होता."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते तिचे, आणि माझेही, कशाला खोटं बोलू? तिनं "चूक" खोडून निष्काळजीपणा लिहिला. पण "आर्थिक स्वार्थ" लिहायला तिचा हात चालेना. तेव्हा ते वाक्य मी माझ्या प्रतिज्ञापत्रात घातलं. कोर्टासमोरच्या टायपिस्टानं ते टाइप करता करता दोनदा वर बघितलं. "वैनी, हे तुमच्याच विरोधात हाय बरं." मी म्हटलं, तू टाइप कर.

प्रतिज्ञापत्र, आयोगाच्या पोचशिक्क्याची तक्रार, मेसेजचा फोटो, विमानतळावरचा कागद, असं सगळं त्याच दिवशी ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं गेलं. मग वाट बघणं. त्या दिवसांत मी रोज देवाला नमस्कार करताना फक्त त्या अनोळखी कारकुनासाठी मागणं मागायचे. बातमी गावात फुटायची ती फुटलीच. दुकानात येणारा प्रत्येक जण मिशीत हसत म्हणायचा, "वैनी, नंबर कुनाचा टाकला?" माझ्याच प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन एका कंपनीनं माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा दावा उडवून लावला, त्याच्याही तिकिटावर नंबर माझाच होता, त्याचे पैसे मी पदरचे दिले. ते वर्षभर मला खूप झोंबलं.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याचं उत्तर आलं. कारण उमेदवाराच्या आवाक्याबाहेरचं होतं असं मान्य, पंधरा दिवसांत रुजू व्हा. वर्षानं ते पत्र फोनवर मला वाचून दाखवलं आणि वाचता वाचता हसायला लागली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून रडले. ती पोचली, रुजू झाली, आता तिथंच आहे. फक्त ज्येष्ठतेच्या यादीत ती तिच्याबरोबर निवड झालेल्या सगळ्या मुलींच्या मागं गेली. पुढची बढती त्यांच्यानंतर. ते मला भरून देता येत नाही.

काही महिन्यांनी आयोगात माझ्याविरुद्धच्या तक्रारीची तारीख लागली. आदल्या दिवशी वर्षाचा फोन आला. "काकू, नोकरी भेटली. आता तक्रार मागं घेते. बाबांकडं तसं पत्र पाठवलंय."

मी म्हटलं, तुझं तू बघ.

ज्या खोलीत मी इतक्या वर्षांत कंपन्यांच्या वकिलांच्या समोरच्या बाजूला उभी राहिले, तिथंच पहिल्यांदा पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. उत्तमरावांनी लेकीचं पत्र पुढं केलं. अध्यक्षांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ते मला चांगलंच ओळखतात.

"तक्रारदाराला तक्रार मागं घ्यायची आहे. विरुद्ध पक्षाची काही हरकत नसणारच."

"हरकत आहे, साहेब," मी म्हटलं.

शिरस्तेदारानं हातातलं काम थांबवलं. उत्तमराव माझ्या कानाशी लागले, "वैनी, येडं लागलं का काय? लेकरू माफ करून राहिलं तुमाला."

"ठाऊक आहे मला, उत्तमराव. थांबा जरा."

अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याविरुद्धची तक्रार मागं घ्यायला तुमचीच हरकत? कारण काय?"

मी काय काय ठरवून गेले होते. निकाल लागला तर गावातले सगळे एजंट गिऱ्हाइकाचा नंबर टाकायला लागतील, वगैरे. उभी राहिले आणि त्यातलं काहीच आठवलं नाही. समोर वर्षाच्या अक्षरातला तो कागद होता, खोडलेल्या "चूक" शब्दासकट.

"तक्रार खरी आहे, साहेब," मी म्हटलं. "निकाल द्या."